डब्यावरचे ५० किलो आणि मामांचा काट्याचा मीटर

डिसेंबरभर माझी रिमोटवरची गाडी डावीकडं नीट वळायची आणि उजवीकडं वळताना आढेवेढे घ्यायची. म्हणजे रिमोटचं चाक पूर्ण फिरवलं तरी पुढची चाकं अर्ध्यात थांबायची, तिथंच थरथरायची, आणि गाडी थोडी पुढं सरकली की मग उरलेलं वळायची. मी आपलं 'थंडी आहे, ग्रीस घट्ट झालं असेल' म्हणून ढकलत होतो. खरं कारण कळत होतं पण सर्वो (तो काय ते खाली सांगतो) म्हणजे पैसे, आणि घरात नुकतीच वॉशिंग मशीन आलेली.

ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही खेळण्यातली गाडी नाही असं मी घरी सांगतो आणि ती खेळण्यातलीच आहे असं घरचे पाहुण्यांना सांगतात. ट्रॅक्सस कंपनीची एक्स-मॅक्स २०१५ ला आली, त्या वर्गातली ही मॉन्स्टर ट्रक, पुण्यातल्या एकाकडून सेकंडहॅंड घेतलेली, कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही कारण पुढं मी तिच्या स्टिअरिंगला बरंच बोलणार आहे. बॅटरीसकट १० किलोच्या आसपास वजन, एकेक टायर २० सेंटीमीटर उंच, दोन ४एस लायपो (चार-चार सेलच्या लिथियम बॅटऱ्या) सिरीजमध्ये म्हणजे ८एस, फुल चार्जला ३३.६ व्होल्ट. एवढं सगळं अंगावर घेऊन पुढची दोन चाकं वळवायचं काम काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या एका डबीकडं. ती डबी म्हणजे सर्वो.

जानेवारीत सांगलीजवळ कसबे डिग्रजला मित्राच्या रानातला ऊस तुटला. पाचट अजून पसरलेलं, मधनं मधनं उसाचे बुडखे वर आलेले, एका कडेला पाणी लागून काळी माती ओली. गाडी पळवायला ह्याच्यापेक्षा भारी जागा नाही आणि सर्वो मारायला पण नाही. तिसऱ्याच चक्करला उजवं चाक एका बुडख्यावर तिरकं आदळलं, आतनं 'कट्' असा छोटासा आवाज आला, सुपारी फुटल्यागत, आणि त्यानंतर पुढची दोन्ही चाकं ज्याच्या त्याच्या मनाला येईल तशी. हातानं हलवली तर ढिली. मित्र म्हणाला, 'गेला गा तुझा बैल.'

घरी येऊन सर्वो काढला, मागचे चार लांब स्क्रू खोलले. आत काय असतं ते एकदा बघाच, मजेशीर आहे. एक छोटी डीसी मोटर, तिच्यावर गिअरची उतरंड, शेवटच्या शाफ्टच्या खाली एक पॉट म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटनात असतो तसला फिरता रेझिस्टन्स, आणि एक बोटाएवढा सर्किट बोर्ड. रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या गाडीतल्या रिसीव्हरकडनं दर सेकंदाला साधारण ५० पल्स म्हणजे विजेचे छोटे ठोके येतात, पल्स १.५ मिलिसेकंदाचा असला की मध्ये, १ च्या जवळ गेला की एका बाजूला, २ च्या जवळ गेला की दुसऱ्या. बोर्ड पल्स बघतो, पॉट बघतो, दोन्ही जुळेपर्यंत मोटर फिरवत राहतो. बास, एवढंच. मग उजवीकडं वळताना थरथर का, तर पॉटची पट्टी त्या बाजूला झिजलेली, बोर्डाला कळायचंच नाही नेमकं कुठं आलोय. आणि 'कट्' म्हणजे मधल्या गिअरचे दोन दाते. ग्रीसमध्ये ते दोन दाते मला सापडले, चिमट्यानं काढून पोराच्या हातावर ठेवले, त्यानं आईला जाऊन सांगितलं की पप्पांच्या गाडीचे दात पडले.

दुरुस्ती करायचा विचार अर्धा तास केला. गिअर सेट मिळतो, पण पॉट पण गेलेला, मोटरला पण जळका वास. आणि मुळात तो सर्वो २५ किलोचा होता, एवढ्या गाडीला तो पहिल्यापासनंच कमी.

हे किलो प्रकरण जरा सांगतो कारण मी स्वतः ह्यात फसलोय. २५ किलो म्हणजे किलो-सेंटीमीटर. शाफ्टच्या मध्यापासनं १ सेंटीमीटरवर २५ किलो ओढतो. आता हॉर्न म्हणजे शाफ्टवर बसणारी छोटी दांडी, तिचं भोक, म्हणजे जिथं चाकांकडं जाणारी लिंक जोडतो ते, माझ्या गाडीत २ सेंटीमीटरवर आहे, म्हणजे तिथं उरले साडेबारा. विहिरीच्या रहाटासारखंच आहे, दोरी गुंडाळायचा रूळ जेवढा जाड तेवढं ओढायला जड. आणि स्टिअरिंगला सगळ्यात जास्त जोर लागतो गाडी उभी असताना, कारण टायर जमिनीवर घासत वळतो. जीपला पॉवर स्टिअरिंग नसायचं तेव्हा उभ्या जीपचं स्टिअरिंग वळवलंय का कधी? तसं. म्हणून माझी गाडी जरा सरकली की मग वळायची.

तर ऑनलाइन शोधायला लागलो. एक म्हणजे त्याच साइजचा जास्त जोराचा सर्वो, दीड-दोन हजारात ३५ किलो लिहिलेले ढिगानं मिळतात. दुसरं म्हणजे वन-फिफ्थ (खऱ्या गाडीच्या पाचव्या हिश्शाच्या मॉडेलला लागतो त्या) साइजचा मोठा सर्वो, जवळजवळ दीडपट मोठा, तो आपल्या जागेत बसत नाही, प्लेट करावी लागते, आणि महाग. मित्र म्हणाला स्वस्तातला घे, गेला तर दुसरा घे. मी म्हणालो एकदाच काय तो खर्च करू. डब्यावर ५० किलो लिहिलेला मोठा सर्वो मागवला, स्टीलचे गिअर, साडेसात हजार, घरात साडेतीन सांगितले. (हा ब्लॉग बायको वाचत नाही. वाचत असशील तर साडेतीनच.)

सर्वो आला. वजनालाच खूश झालो. मग हॉर्न लावायला गेलो तर बसेना. शाफ्टवरचे दाते मोजायचं सुचलंच नव्हतं. जुना २५ दात्यांचा, फुटाबा कंपनीचं माप तेच, हायटेक कंपनीचे बरेचसे २४ चे असतात एवढं माहीत होतं आणि त्यातलाच कुठला तरी असेल म्हणून मी २५ चा ॲल्युमिनियमचा हॉर्न आधीच मागवून ठेवलेला. हा निघाला १५ दात्यांचा. चांगला जाड, मोठा शाफ्ट, मोठे दाते. परत ऑर्डर, परत आठ दिवस. मोठ्या सर्वोला जाणार असाल तर आधी दाते बघा मग पैसे भरा, मी उलटं केलं.

त्या आठ दिवसात प्लेटचं काम केलं. कुपवाड एमआयडीसीत ओळखीचं एक वर्कशॉप आहे, तिथं ५ एमएमची ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन गेलो, सोबत पुठ्ठ्याचा साचा. पुठ्ठा म्हणजे वॉशिंग मशीनच्या खोक्याचा. तिथल्या काकांनी चष्मा वर केला, पुठ्ठा बघितला, सर्वो बघितला, व्हर्निअर लावला आणि म्हणाले, 'भोकं दोन एमएमनं हुकलीत तुझी. हे काय यंत्र आहे?' मी म्हणालो, 'खेळातल्या गाडीचं आहे काका.' 'खेळातल्या?' परत सर्वो हातात घेऊन वजन बघितलं. 'आमच्या लेथला असला बसीव की मग.' भोकं त्यांनी त्यांच्या मापानं मारली, ती तंतोतंत बसली, आणि पैसे घेताना 'चहाचे दे' म्हणाले. असली माणसं आहेत म्हणून हा छंद परवडतो.

हॉर्न आल्यावर बसवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आधी सर्वोला करंट द्यायचा, रिमोटचे ट्रिम (मध्य जरा इकडंतिकडं सरकवायची सोय) शून्यावर, सर्वो आपल्या मध्यावर येऊन थांबला की मग हॉर्न लिंकला काटकोनात बसवायचा. २५ दात्यात एक दाता सरकला की १४.४ अंश फरक पडतो, ते सबट्रिममध्ये निभावून नेता येतं कसंतरी. १५ दात्यात एका दात्याला २४ अंश. इकडं लावलं तर हॉर्न पुढं झुकलेला, तिकडं लावलं तर मागं, काटकोन मिळेचना. शेवटी लिंकच्या टर्नबकलची, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या दांडीची, लांबी दोन-अडीच आटे कमी केली तेव्हा चाकं सरळ झाली. हॉर्नच्या स्क्रूला निळं लॉकटाइट, एक थेंब. सर्वोच्या प्लास्टिकच्या बॉडीला ते लागू देऊ नका, प्लास्टिक तडकतं.

मग रिमोटमध्ये एंड पॉइंट, म्हणजे सर्वोनं कुठवर वळायचं ती हद्द. मोठा सर्वो ताकदवान असतो म्हणजे अडलं तरी तो ढकलतच राहतो. चाक स्टॉपरला टेकल्यावर सर्वोतनं भुणभुण यायला लागली की एंड पॉइंट एकेक टक्का कमी करत यायचं, भुणभुण थांबली की तिथं सोडायचं. रात्री साडेअकराला हे करत होतो. घरात सगळे झोपलेले आणि मी गाडीला कान लावून बसलेलो.

रविवारी परत डिग्रजला. उभ्या गाडीची चाकं ओल्या मातीत पण इकडनं तिकडं जात होती, मी तर हवेतच. शेजारच्या रानात तोड चालू होती, ट्रॉली भरत होते, तोडणीवाल्यांची चार पोरं बांधावर येऊन बसली, प्रेक्षक मिळाल्यावर मला पण चेव आला. पूर्ण थ्रॉटल, आणि ट्रॉलीच्या अलीकडं जोरात उजवीकडं वळवायला गेलो आणि गाडी मेली. म्हणजे मोटरचा आवाज बंद, स्टिअरिंग बंद, रिमोट काहीही करा उत्तर नाही, आणि १० किलोचा धोंडा आपल्या वेगानं सरळ गेला तो ट्रॉलीच्या मागच्या टायरवर. बंपर वाकला. त्यात गंमत म्हणजे दोन सेकंदांनी गाडी आपोआप जिवंत झाली, काही झालंच नाही अशा थाटात. पोरं टाळ्या वाजवायला लागली, त्यांना वाटलं हाच खेळ आहे.

दिवसभरात असं चार वेळा झालं. दर वेळी जोरात वळवतानाच. पहिल्यांदा वाटलं रेंज, मग वाटलं रिसीव्हर भिजला, मग वाटलं सर्वो खराब आला. परत पाठवायचा मेसेज पण टाइप करून झाला होता.

आता मामा. माझ्या मामांचं माधवनगर रोडला मोटर रिवायंडिंगचं दुकान, तीस-बत्तीस वर्षं शेतीपंप भरतायत. संध्याकाळी गाडी घेऊन दुकानात गेलो ते खरं तर बंपर ठोकून सरळ करायला. मामा वार्निशच्या वासात बसलेले, एका साडेसातच्या मोटरचं जळकं वायंडिंग काढत. काय झालं ते ऐकून घेतलं. मग विचारलं, 'वळवताना होल्टेज किती ऱ्हातंय?'

'सहा. मोजलंय मी.'

'वळवताना मोजलंस?'

मी गप्प. मोजलं होतं घरी टेबलावर, गाडी उचलून धरून, चाकं हवेत.

'हवेत काय मोजतोस रं. लोड टाक की. शेवटच्या पोलावरचा शेतकरी पण हेच म्हणतोय, मीटरला तर चारशे दावतंय. पंप चालू करून बघ म्हणावं.'

मग त्यांनी कपाटावरनं जुना काट्याचा मीटर काढला. माझा डिजिटल होता की खिशात, तर म्हणाले तो आकडे बदलत बसतो, काटा बघ कसा पडतो ते. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलमध्ये दोन पिना घालून त्याला मीटरचे चिमटे लावले, पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूला दोन विटा ठेवल्या, चाक गच्च. 'वळीव.' वळवलं. काटा ६ वर होता तो सटकन ४ च्या खाली गेला आणि त्याच क्षणी रिसीव्हरची लाल लाइट विझली. मी सोडलं, काटा वर, लाइट लुकलुकून परत चालू. परत वळवलं, परत तेच. मामा माझ्याकडं बघतायत आणि मी काट्याकडं. काटा जड असतो, तो ४ दाखवतोय म्हणजे खरं व्होल्टेज क्षणभर त्याच्याही खाली गेलं असणार.

झालं असं होतं. सर्वोला आणि रिसीव्हरला वीज येते ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीच्या) आतल्या बीईसीमधनं. बीईसी म्हणजे ३३ व्होल्टाचे ६ व्होल्ट करून देणारं छोटं सर्किट. कंपनीनं ते जुन्या सर्वोच्या भुकेपुरतं दिलेलं. नवा सर्वो अडला की ८ ॲम्पियरच्या वर मागतो, ते देता देता बीईसी बसतो, व्होल्टेज पडतं, आणि त्याच वायरीवर जगणारा रिसीव्हर बिचारा बंद होऊन परत चालू होतो. शेतीपंपाचं गणित वेगळं, तिथं व्होल्टेज पडलं की मोटर उलट जास्त करंट ओढते आणि जळते, हे मी मामांना सांगायला गेलो तर म्हणाले, 'ते मला शिकव आता.' बरोबर आहे.

आणि मग मी सर्वोचा डबा परत वाचला. मोठ्या अक्षरात ५० किलो. खाली मुंगीएवढ्या अक्षरात ८.४ व्होल्टला. त्याच्याही खाली, ६ व्होल्टला ३६. म्हणजे माझ्या गाडीत तो ५० चा कधी नव्हताच, ३६ चा होता, आणि जोर लावायची वेळ आली की बीईसी बसल्यामुळं तेवढा पण नाही. साडेसात हजार देऊन मी जवळजवळ जुनाच सर्वो वजन वाढवून लावला होता. मेसेज डिलीट केला. त्या बिचाऱ्या विक्रेत्याची काही चूक नव्हती.

वेगळा बीईसी घ्यायचा ठरलं. ह्यात पण एक खड्डा आहे, बाजारातले बरेच बीईसी ६एस पर्यंतच चालतात म्हणजे २५.२ व्होल्ट. त्याला ८एस लावला तर धूर. आणि काहीजण सांगतात की दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरच जोड, तर तसं करू नका, एक बॅटरी दुसरीपेक्षा आधी उतरते आणि सिरीजमध्ये ते वाईट. ८एस झेपणारा १० ॲम्पियरचा घेतला, आउटपुट ७.४ वर ठेवलं. ८.४ वर का नाही, तर सर्वो गरम होतो आणि मला उन्हाळ्यात पण गाडी चालवायची आहे, सांगलीचा उन्हाळा.

वायरिंग असं केलं: नव्या बीईसीची लाल वायर थेट सर्वोला, रिसीव्हरला नाही. रिसीव्हर आपला जुन्या बीईसीवर ६ व्होल्टवरच राहिला. सर्वोकडनं रिसीव्हरला फक्त सिग्नलची आणि काळी वायर. काळी दोघांची एकच पाहिजे, नाहीतर सिग्नल कशाच्या हिशोबानं वाचायचा हे सर्वोला कळत नाही आणि तो वेड्यासारखा फिरतो. आणि चुकून दोन्ही बीईसीच्या लाल वायरी एकत्र आल्या तर ते एकमेकांशी भांडतात. सोल्डरिंग मामांच्याच दुकानात, त्यांच्या त्या मुसळासारख्या सोल्डरिंग आयर्ननं. मी आणलेली बारीक वायर बघून त्यांनी ती बाजूला फेकली आणि जाड सिलिकॉनची काढून दिली.

परत विटा, परत काटा. वळवलं. रिसीव्हरचा काटा ६ वर मेल्यासारखा पडून. सर्वोच्या बाजूला लावला तर ७.४ वरनं ७.१ वगैरे, लगेच वर. आणि चाकानं वीट सरकवली. अख्खी वीट.

पण गाडी विटांमधनं काढून फरशीवर ठेवली आणि परत वळवलं तर हॉर्न पूर्ण फिरतोय आणि चाकं तीन चतुर्थांश. आता काय? सर्वो सेव्हर. हॉर्न आणि चाकं ह्यांच्या मध्ये बेलक्रॅंकवर (स्टिअरिंगच्या फिरत्या जोडावर) एक स्प्रिंग असते, चाकाला दणका बसला की ती उघडते आणि दणका सर्वोच्या दात्यांपर्यंत जात नाही. कंपनीनं ती जुन्या सर्वोच्या जोरापुरती घट्ट केलेली. नवा सर्वो चाकांना वळवायच्या आधी तिलाच उघडत होता. तिचा नट दीड फेरा आवळला. पूर्ण आवळायचा मोह होतो, मला पण झाला, पण मग पुढच्या बुडख्याचा दणका थेट स्टीलच्या गिअरला किंवा टाय रॉडला (चाकाला जोडलेल्या दांडीला). माझी पद्धत अशी, सर्वो चालू ठेवायचा म्हणजे तो जागा धरून राहतो, आणि पुढचं चाक हातानं जोरानं ओढायचं, सेव्हर थोडा उघडला पाहिजे पण कुरकुरत.

पुढच्या रविवारी दोन पॅक पूर्ण चालवले. एकदाही मेली नाही. पॅक संपल्यावर सर्वोला हात लावून बघितलं, कोमट, बोट ठेवता येत होतं. ट्रॉली नव्हती, तोडणीवाले पुढच्या रानात गेले होते. उजव्या बाजूच्या टाय रॉडचा टोकाचा बॉल आता जरा ढिला वाटतोय, बघू.

मामांना व्हिडिओ पाठवला वीट सरकवतानाचा. त्यांचं उत्तर दोन तासांनी आलं, मीटर घेऊन गेलायस, उद्या सकाळी दहाच्या आत आणून दे, गिऱ्हाईक आहे.